दार लावून बसावे, ही विनंती

पत्नीने घर सोडले ते फाटकापाशी उभे राहून, एका वाक्यात अट घालून. "कुणातरी शहाण्या माणसाशी बोला, त्या रागाचं काहीतरी करा, मग मी येते." अट तोंडी होती, तिला साक्षीदार नव्हता, मुदत नव्हती, आणि 'शहाणा माणूस' या शब्दांची व्याख्या केलेली नव्हती. हे सगळे दोष मी तिथल्या तिथे तिच्या निदर्शनास आणून दिले. तिने ते ऐकून घेतले, पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसली आणि धारवाड सोडून हुबळीला, केशवापूरला, लेकीकडे निघून गेली.

निमित्त आमटीचे होते. दुपारच्या जेवणात तिने आणखी आमटी वाढू का, असे विचारले. मी उत्तर दिले नाही. तिने पुन्हा विचारले. मी जेवत राहिलो. तिसऱ्यांदा ती पातेले घेऊन अगदी जवळ आली, तेव्हा मी वाटी आपटून ओरडलो, "ऐकलंय मी! किती वेळा तेच तेच?" वस्तुतः आधीचे दोन्ही प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

खटल्यातली वस्तुस्थिती झाकून युक्तिवाद करणे मला मान्य नाही, म्हणून ती इथेच सांगून टाकतो. माझा उजवा कान जवळजवळ गेलेला होता आणि डावा त्याच्या मागोमाग निघालेला होता. हे कोणालाही ठाऊक नव्हते. मी वकील. एके दिवशी न्यायाधीशांनी मला काही विचारले आणि मी आधीचाच मुद्दा मोठ्या त्वेषाने मांडत राहिलो. माझ्या सहायकाने मागून गाऊन ओढला तेव्हा कोर्टात पसरलेली शांतता मला दिसली. ऐकू आली नाही, दिसली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी वकिली सोडली, आणि न्यायदानाचा दर्जा घसरल्यामुळे सोडली, असे जाहीर केले. सर्वांना ते पटले, कारण तो घसरल्याचे मी पहिल्यापासूनच सांगत आलो होतो.

पत्रे मी पूर्वीही लिहीत असे, पण तेव्हापासून ती फार वाढली. गटाराबद्दल महानगरपालिकेला, बंद पडलेल्या यंत्राबद्दल बँकेला, नळाच्या पाण्याबद्दल ज्याला त्याला. पत्राची एक मोठी सोय आहे: कागद पुटपुटत नाही. रागाचीही तशीच एक सोय आहे. रागीट माणसाशी लोक एकतर मोठ्याने बोलतात किंवा बोलत नाहीत, आणि मला दोन्ही चालण्यासारखे होते.

तेव्हा माझी अडचण अशी होती. पत्नी परत यायला हवी असेल तर कोणाशीतरी मनातले बोलणे भाग होते. आणि मनातले बोलायचे तर कानाचे निघणार होते. ते एकदा बाहेर पडले की वकिलांच्या खोलीत माझ्यामागे 'बिचारे' हा शब्द उच्चारला जाणार, आणि मला तो ऐकूही येणार नाही. शत्रूंनी मला आजवर पुष्कळ काही म्हटले आहे. बिचारा कोणी म्हटलेले नाही.

लेकीने तोडगा काढला. फोनवर घरबसल्या समुपदेशन मिळते, ना कोणाच्या पायऱ्या चढायच्या, ना कोणाला दिसायचे. तिने माझ्या फोनवर एक ॲपही घालून दिले. ते उघडताच त्याने माझे ठिकाण मागितले, कॅमेरा मागितला आणि माझ्या फोनमधल्या सगळ्या लोकांचे क्रमांक मागितले. मन मोकळे करायला आलेल्या माणसाकडे त्याच्या मित्रमंडळींचे पत्ते कशासाठी? मी त्यांचा गोपनीयतेचा मसुदा शेवटपर्यंत वाचला. माझी खात्री आहे की तो शेवटपर्यंत वाचणारा मी पहिलाच मनुष्य असेन, कारण लिहिणाऱ्यानेही तो तेवढा वाचला नसावा. माझी माहिती 'विश्वासू भागीदारां'ना देता येईल, असे त्यात होते. हे भागीदार कोण आणि त्यांच्यावर विश्वास कोणाचा, असे मी कंपनीला विचारले. उत्तर तत्काळ आले: तुमचा आनंद आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि खाली पिवळा हसरा चेहरा. मी ते ॲप काढून टाकले आणि त्या चेहऱ्याविरुद्ध स्वतंत्र पत्र लिहिले.

मग लेकीने आमच्या डॉक्टरांकडून एका समुपदेशक बाईंचा पत्ता मिळवला. बाई तरुण होत्या, स्वतंत्र काम करणाऱ्या, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या. पहिल्या भेटीपूर्वी मी त्यांना ईमेल पाठवला, पण पत्राच्या रीतीने: विषय, संदर्भ, क्रमांक घातलेले परिच्छेद. संभाषण कोठे साठते, टिपणे कोण पाहते, तुमचे यंत्र बिघडले तर ते कोणाकडे दुरुस्तीला जाते, माझ्या कुटुंबीयांनी चौकशी केल्यास तुम्ही काय उत्तर द्याल, आणि ते कोणत्या शब्दांत.

उत्तर लहान होते आणि, मला कबूल करणे भाग आहे, निर्दोष होते. संभाषण ध्वनिमुद्रित होणार नाही, तुम्हीही करू नये. टिपणांवर नाव नसेल, क्रमांक असेल, आणि ती माझ्याखेरीज कोणी पाहणार नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, किंवा न्यायालयाचा आदेश आला, तरच मी आवश्यक तेवढे बोलेन. कुटुंबीयांना तुमच्या परवानगीवाचून काहीही सांगणार नाही. 'ही माझ्या बाजूची हमी,' असे लिहून खाली एक ओळ होती: 'तुमच्या बाजूची तुम्ही द्यायची आहे. कानात हेडफोन घालावा आणि दार लावून बसावे, ही विनंती.'

मी त्या उत्तरात दोन दिवस फट शोधत होतो. क्रमांकाची गोष्ट तर मला मनापासून आवडली. आयुष्यभर प्रकरणांना क्रमांक दिले, आता आपण स्वतः एक प्रकरण झालो, यात काही समाधान असते. खटकली ती शेवटची ओळ. जिला मी जाब विचारला होता तिने उलट मलाच नोटीस बजावली होती.

शिवाय त्या ओळीची अंमलबजावणी आमच्या गल्लीत शक्य नव्हती. धारवाडच्या आमच्या भागात दिवसाउजेडी पुढचे दार लावत नाहीत. ते सकाळी उघडते ते दिवेलागणीनंतरच मिटते. भरदुपारी दार बंद दिसले तर आत कोणीतरी आजारी आहे, किंवा घरात वाटण्या चालल्या आहेत, किंवा त्याहून काही वाईट, असा अर्थ होतो आणि माणसे धावून येतात.

पहिल्या गुरुवारी मी दार लावले, फोन टेबलावर पुस्तकांना टेकवून उभा केला, बाईंचा चेहरा पडद्यावर आला, आणि दारावर थापा पडू लागल्या. त्या मात्र मला ऐकू आल्या. शेजारच्या अक्का होत्या. अक्का म्हणजे कन्नड शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आमची एक भिंत सामाईक आहे आणि त्यांची पायरी आमच्या पायरीला लागून आहे. त्या आमच्याशी कायम कन्नडच बोलत आल्या. त्यांचे बोलणे इथे मराठीत देतो. भाषांतराची जबाबदारी माझी.

"अण्णा, काय झालं? दार का लावलंय? आधीच वैनी घरात नाहीत!"

"काही नाही. कामात आहे."

"दार लावून? कसलं काम?" असे म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिले. टेबलावर, पुस्तकांना टेकून, एक तरुण स्त्री माझी वाट पाहत होती.

"हौदा?" अक्का म्हणाल्या. म्हणजे, असं का. पण तो एवढासा शब्द त्यांनी पुष्कळ लांबवर नेला.

"सल्लागार आहेत त्या," मी म्हणालो.

"वकिलाला सल्ला! कलियुग म्हणतात ते हेच बघा."

त्यानंतर दार उघडेच राहिले. ते पुन्हा लावले असते तर त्या दोन वस्तुस्थितींची, म्हणजे पत्नी केशवापुरात असण्याची आणि पडद्यावर तरुण स्त्री असण्याची, गल्लीने सांगड घातली असती. हेडफोनही जमेना. तो घातला की मला माझाच आवाज ऐकू येत नसे आणि मी ओरडू लागत असे. शेवटी फोनचा स्पीकर पूर्ण मोठा केला आणि बाईंना सांगितले की चिंता नको, मी मराठीत बोलतो आहे.

ही आमच्या घराण्याची जुनी कुलूपकिल्ली. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. तिकडची पाहुणेमंडळी आली की पत्नी आणि मी पाहुण्यांविषयी कन्नडमध्ये बोलतो. आणि घरातली भांडणे, पैशाअडक्याची, मुलांची, जावयाच्या पगाराची, सगळी मराठीत, म्हणजे भिंतीपलीकडे कळणार नाही. वर्षानुवर्षे आम्ही त्या भिंतीशेजारी निर्धास्तपणे मराठीत भांडलो. जिथे भाजीवालासुद्धा दोन्ही भाषांत भाव सांगतो, त्या गावात ही किल्ली कोणाकोणाच्या खिशात असेल, हा प्रश्न माझ्यासारख्या कायदा कोळून प्यालेल्या माणसाला कधी पडला नव्हता.

"सर, तुमच्या मागे कुणी आहे का?" बाईंनी विचारले. "सुपात काहीतरी पाखडल्याचा आवाज येतोय."

मी वळून पाहिले. खोलीत कोणी नव्हते. "कोणी नाही. पुढे बोला."

त्यांना तिकडे कोठेतरी बसून धारवाडातले सूप ऐकू येत होते, आणि मला दहा हातांवरचे येत नव्हते.

त्यांनी सल्ला मुळीच दिला नाही. नुसते प्रश्न विचारले. मी उलटतपासण्या पुष्कळ घेतल्या आहेत, पण इतक्या मऊ आवाजात घेतलेली ती पहिलीच.

"राग येण्याच्या अगदी आधी काय होतं, सर?"

"समोरचा माणूस पुटपुटतो. स्पष्ट बोलत नाही."

"कोण पुटपुटतं?"

"अलीकडे सगळेच. पत्नी, बँकेतली मुलगी, न्यायाधीश..."

"सगळेच? म्हणजे सगळे एकाच सुमाराला पुटपुटायला लागले?"

मी गप्प बसलो. साक्षीदार असा गप्प बसला की वकिलाने घाई करू नये, असे मी नवशिक्यांना शिकवत असे. बाईंना ते कोणी शिकवले होते कोण जाणे. त्या थांबल्या. आणि मग मी म्हणालो, "मला ऐकायला कमी येतं. उजव्या कानानं तर काहीच नाही." हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच उच्चारत होतो. अर्थात, कान तसा असल्यामुळे, पूर्ण मोठ्या आवाजात.

पुढचे काही गुरुवार मी त्यांना बाकीचे सांगितले. कोर्टातली ती शांतता. 'बिचारे' या शब्दाची भीती. पत्नी बोलत असताना तिच्या ओठांकडे पाहावे लागते, आणि ती पाठमोरी असली की घर एकदम रिकामे होते. केशवापूरला मात्र मी एवढाच निरोप धाडला की अटीची पूर्तता सुरू आहे, तपशील गोपनीय.

एका सकाळी पत्नी स्वतः आली. पिशवी आणलेली नव्हती, हे मी प्रथम पाहिले. ती रागावलेली होती, आणि रागावली की ती स्पष्ट बोलते.

"त्या तुमच्या बाईला मी फोन केला. म्हटलं, मी त्यांची बायको बोलतेय, हे येतात की नाही तेवढंच सांगा. तर म्हणते, अशी कुणी व्यक्ती माझ्याकडे येते की नाही, हेसुद्धा मी सांगू शकत नाही. म्हटलं, अहो, नवरा आहे तो माझा! तर म्हणते, 'मी समजू शकते.' काय समजते ती? लग्न तरी झालंय का तिचं?"

मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. "वा!" मी म्हणालो. "असा साक्षीदार मला एकही मिळाला नाही. मिळता तर दोन अपिलं जिंकलो असतो."

"तिचं कौतुक करायलात? बरं, तुम्ही सांगा मग. बोललात का तिच्याशी? काय बोललात?"

"तो विशेषाधिकार आहे. तिथं झालेलं बोलणं उघड करता येत नाही."

"विशेषाधिकार कुणाचा?"

"अशिलाचा."

"अशील कोण?"

"मी."

"म्हणजे तोंड तिनं मिटायचं, तुम्ही नाही. तुम्हाला मनात आलं तर सांगता येतं की नाही?"

कायद्याच्या मुद्द्यावर मला इतक्या थोड्या प्रश्नांत कोणी कोपऱ्यात घातलेले नाही. मुद्दा बिनतोड होता. गुप्ततेचे बंधन समुपदेशकावर असते. गुपित अशिलाचे, आणि ते ज्याच्यापुढे वाटेल त्याच्यापुढे उघडायला तो मोकळा असतो. मला मुभा होती. नव्हती ती हिंमत. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

ती म्हणाली, "कळलं. गेलाच नाहीत तुम्ही. नुसती पत्रं लिहिली असतील तिला." आणि पदर खोचून उठली. या वेळी अट नव्हती, मुदत नव्हती, आणि मला वाटते, परत येणेही नव्हते.

दारात अक्का उभ्या होत्या, हातात कसलीशी वाटी. पत्नीने त्यांना कन्नडमध्ये विचारले, "अक्का, तुम्ही रोज पायरीवर असता. खरं सांगा, हे त्या फोनवर खरंच कुणाशी बोलतात का?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिले. मग पत्नीकडे वळून, शांतपणे, लख्ख मराठीत म्हणाल्या, "मला काय विचारता वैनी? मला ऐकायला कमी येतं. उजव्या कानानं तर काहीच नाही."

माझे वाक्य होते ते, शब्द न् शब्द. कायद्याने पाहिले तर अक्कांनी माझे काहीच उघड केले नाही. स्वतःच्या प्रकृतीविषयी धडधडीत खोटे विधान केले, इतकेच. तिसऱ्या घरातले उतू जाणारे दूध त्यांना ऐकू येते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

पत्नीला मात्र आधी वेगळाच धक्का बसला होता. "अक्का! तुम्हाला मराठी येतं?"

"न यायला काय झालं? भिंतीला भिंत आहे. तुमच्या भांडणांवरच शिकले की. यांचं व्याकरण चांगलं, पण शब्द तुमचे जास्त."

"म्हणजे इतकी वर्षं... ते जावयाच्या पगाराचं..."

"मी कुणाला बोलले का कधी?" अक्का म्हणाल्या. "मग. ज्याचं त्यानं सांगावं." त्यांनी वाटी कोनाड्यात ठेवली, बाहेर पाऊल टाकले, आणि जाताना आमचे पुढचे दार ओढून घेतले. भरदिवसा. कडी पडल्याचा आवाज मला आला नाही, पण खोलीतला उजेड कमी झाला.

पत्नी माझ्या उजव्या कानाकडे पाहत होती.

मग मी सांगितले. विशेषाधिकार सोडत असल्याचे प्रथम रीतसर बोलून दाखवले, कारण त्याशिवाय मला सुरुवात करता येईना. आमटीचे सांगितले, पहिले दोन प्रश्न पोहोचले नव्हते हे सांगितले, गाऊन ओढल्याचे सांगितले. ती मध्ये एकदाही बोलली नाही. बोलली असती तरी मी तिच्याकडे पाहत नसल्यामुळे मला कळले नसते, म्हणून शेवटी मान वर केली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "माझं बोलणंच तुम्हाला नको झालंय. एकदा विचारते, दोनदा विचारते, तुम्ही ढिम्म. म्हणून गेले मी. आमटीसाठी कोण घर सोडतं हो?"

ती उठली, खुर्ची उचलून माझ्या डाव्या बाजूला आणून बसली आणि म्हणाली, "आणि ते वकिली सोडलीत ते? न्यायदानाचा दर्जा घसरला, म्हणून तासभर भाषण केलं होतंत माझ्यापुढे."

"दर्जा घसरलेलाच आहे," मी म्हणालो. "ते खोटं नाही."

पिशवी आणायला आम्ही दोघे मिळून केशवापूरला गेलो. परतताना हुबळीत कानाच्या डॉक्टरांकडे थांबलो. त्यांनी दिलेले यंत्र लहान आहे, आणि त्याच्या माहितीपत्रकातल्या चुकांविषयी मी उत्पादकांना लिहिले आहे.

समुपदेशन अजून चालू आहे. राग काही केवळ कानातून येत नव्हता. हे सगळे लिहिण्यास पत्नीची आणि अक्कांची परवानगी मी घेतली आहे. समुपदेशक बाईंनाही विचारले. त्या म्हणाल्या, तुमचे आहे, तुम्ही ठरवा. पण कोणी मला विचारले तर मी तुम्हाला ओळखत नाही.

आता गुरुवारी दार लागते. पायरीवर पत्नी आणि अक्का मेथी निवडत पहारा करतात, आणि कोणी धावत आलेच तर "आत काम चाललंय, वाईट काही नाही," असे सांगून वाटेला लावतात. यंत्र लावून पहिल्यांदा बसलो त्या दिवशी, बाई पडद्यावर येण्यापूर्वी, बंद दाराआडून मला त्या दोघींचे बोलणे चक्क ऐकू आले. विषय मी होतो. मला ऐकू येत नाही हे कळल्यापासून पडलेली सवय एका दिवसात जात नाही. त्या चांगल्या मोठ्याने बोलत होत्या. आणि मला कळू नये म्हणून पत्नी, जणू मी साताऱ्याकडचा पाहुणाच, कन्नडमध्ये बोलत होती.

काय बोलत होत्या, ते मला पूर्ण समजले. ते इथे लिहिणार नाही. ते ज्यांचे आहे त्यांनी परवानगी दिलेली नाही, कारण मी अजून मागितलेली नाही.